प्रतिकारशक्ती क्षीण असताना गुदभ्रंशाची शस्त्रक्रिया खालून की पोटातून?

पेडणे (धागाकर्ता)
माझ्या ६८ वर्षांच्या मावशीला आमवातासाठी अनेक वर्षे स्टेरॉइड चालू आहे. आमण, म्हणजे गुदाशय (मोठ्या आतड्याचे शेवटचे टोक), गुदद्वारातून बाहेर येते, हे तिने मूळव्याध समजून दोन वर्षे लपवले. आता ‘प्रतिकारशक्ती कमी आहे, तेव्हा पोटाला हात न लावता खालूनच, म्हणजे गुदद्वाराच्या वाटेने करू’ असा सल्ला मिळाला आहे, आणि तो मला सरसकट पटत नाही. खालून होणाऱ्या आल्टेमायर पद्धतीत बाहेर आलेले आतडे कापून टोके जोडतात. स्टेरॉइडमुळे जखम उशिरा भरणाऱ्या रुग्णात नेमका तोच जोड सुटण्याची भीती असते. उलट दुर्बिणीतून गुदाशय वर घेऊन नुसत्या टाक्यांनी माकडहाडाच्या वरच्या हाडाला बांधला, तर आतडे उघडावेच लागत नाही आणि आधारासाठी कृत्रिम जाळी न वापरल्याने जाळीला जंतुसंसर्ग होण्याचा प्रश्नही उरत नाही.

फोंडा
मी असहमत आहे. खालून करायची प्रत्येक शस्त्रक्रिया आल्टेमायर नसते. १९०० साली मांडलेल्या डेलॉर्म पद्धतीत केवळ आतले अस्तर सोलून स्नायूला चुण्या घालतात आणि ती कमरेत भूल देऊन होते. दुर्बिणीसाठी मात्र पूर्ण भूल देऊन, पोटात वायू भरून, डोके खाली ठेवावे लागते. आमवाताने फुप्फुसे धरली असतील तर ते सोसणे कठीण. आमण पुन्हा उतरण्याचे म्हणाल, तर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रॉस्पर या गुदभ्रंश शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या चाचणीत पद्धतींमध्ये त्याबाबत ठळक फरक आढळला नाही. शिवाय पोटात पू झालाच, तर स्टेरॉइडमुळे ताप आणि पोटाचा कडकपणा झाकला जातो.

पेडणे (धागाकर्ता)
लक्षणे झाकली जातात, म्हणूनच मी आतडे न कापण्याचा आग्रह धरतो. डेलॉर्मचा विचार मी केला नव्हता, हे मान्य. मात्र मावशीचे आमण वीतभर बाहेर येते, आणि ती पद्धत मुख्यतः लहान भ्रंशासाठी निवडतात.

म्हापसा
शस्त्रक्रिया वॉर्डातील परिचारिका म्हणून सांगते, वाट कोणतीही निवडा, पण संसर्गाच्या भीतीने स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका; शरीराचे स्वतःचे संप्रेरक दबलेले असल्याने रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. आमवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी जैविक इंजेक्शने चालू असतील, तर शस्त्रक्रियेची तारीख त्यांच्या वेळापत्रकाशी जुळवावी लागते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दुसरे मत घेताना औषधांची पूर्ण यादी आणि फुप्फुसांचा अहवाल सोबत न्या.

फोंडा
तो अहवाल चांगला आला, तर माझा विरोध मावळेल. तोपर्यंत नाही.