दाढीवालं रोमन मुखशिल्प: ल्युशिअस व्हेरस की दुसरंच कुणी?

शिल्पवेडा: एका जुन्या संग्रहाच्या यादीतल्या संगमरवरी डोक्याचे फोटो बघतोय. दाट कुरळे केस, लांब दाढी, कोरलेली बुबुळं. नाक मागाहून बसवलेलं दिसतंय. कोरीव लेख नाही. यादीत सरळ रोमन सम्राट 'ल्युशिअस व्हेरस' असं छापलंय. कितपत खरं मानावं?

छिन्नी: नावाआधी काळ ठरवा. बुबुळ-बाहुली कोरण्याची पद्धत साधारण इ.स. १३० च्या सुमारास रुळली, त्याआधी डोळे रंगवत. सम्राटांमध्ये पूर्ण दाढीची चाल हेड्रिअनपासूनची (११७–१३८). गिरमिटाने खोल पोखरलेल्या बटा आणि शेजारी घासून चकचकीत केलेली कातडी असेल, तर अँटोनाइन सम्राटांचा काळ (साधारण १३८–१९२) म्हणायला हरकत नाही. पण तेव्हा ऐपतदार लोक सम्राटासारखीच केस-दाढी ठेवत, शिल्पकारही तसेच चेहरे घडवत. ढोबळ साम्यावरून चिकटवलेली नावं जुन्या याद्यांत ढीगभर आहेत. नाक तर हिशेबातच धरू नका.

नाणेवेडा: व्हेरसची १६१–१६९ मधली नाणी बघा, नाव त्यांच्यावरच असतं. कपाळावर पुढे झुकलेले केस आणि दाढीची लांबी बाजूच्या फोटोशी ताडा. झिजलेलं नाणं नको. नाण्यावर एकच बाजू दिसते, म्हणून तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

छिन्नी: बरोबर. निकाल कपाळावरच्या बटांवर लागतो. सम्राटाचा मान्य नमुना ठिकठिकाणी नकलला जाई, त्यामुळे बटांची मांडणी प्रतींमध्ये पुन्हा पुन्हा येते. ऑगस्टसच्या कपाळावरची दुबेळकी बट त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं, रोमजवळच्या आक्वा त्राव्हेर्सा इथलं व्हेरसचं भव्य डोकं समोर ठेवा आणि भांगापासून कानशिलापर्यंत एकेक बट, तिचा बाक, तिची दिशा जुळवा. फोटो डोळ्यांच्या पातळीवरून काढलेले हवेत. खालून काढला की हनुवटी फुगते, कपाळ आखडतं.

शिल्पवेडा: कानामागचे केस नुसते खरवडल्यासारखे आहेत. दुसऱ्याचं डोकं पुन्हा कोरलंय का?

छिन्नी: तेवढ्यावरून नाही. पुतळा भिंतीला किंवा कोनाड्यात लागणार असेल तर मागची बाजू अर्धवटच सोडत. पुन्हा कोरलं की चेहरा आत जातो, कान बेढब मोठे वाटतात आणि मागे जुनी केशरचना उरते. सम्राट डोमिशिअनच्या डोक्यांतून घडवलेल्या, त्याच्यानंतरचा सम्राट नर्व्हाच्या शिल्पांमध्ये हे पाहायला मिळतं. तुमच्याकडे बटा जुळल्या नाहीत, तर 'दाढीवाला पुरुष, अँटोनाइन काळ' एवढंच लिहा.