एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे पायातले बळ मनामुळे गेले असे ठरते का?

प्रश्न (तासगावकर): द्राक्षाच्या विरळणीच्या ऐन धांदलीत माझ्या थोरल्या वहिनींचा डावा पाय एके सकाळी एकाएकी उचलेनासा झाला. मिरजेला नेऊन मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय केला, तो नॉर्मल आला. त्यावर डॉक्टरांनी "यांना काही झालेले नाही, मनाला लावून घेतले आहे" एवढेच सांगून मनोविकारतज्ज्ञांच्या नावाने चिठ्ठी दिली. तेव्हापासून घरातील काही जण हे सोंग आहे असे समजतात आणि आत्याबाई देवऋषाचे नाव काढू लागल्या आहेत. केवळ रिपोर्टमध्ये काही सापडले नाही, एवढ्यावरून असे निदान करता येते का?

उत्तर १ (सांगली, मेंदूविकार विभागातील निवासी डॉक्टर): करता येत नाही, आणि करूही नये. या विकाराला आज फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर (मज्जासंस्थेच्या रचनेत नव्हे, तर तिच्या कामात बिघाड) म्हणतात, आणि त्याचे निदान फिल्मवर नव्हे, तर रुग्णाच्या अंगावर दिसणाऱ्या ठोस खुणांवरून होते. रुग्णाला उताणे झोपवून, दुबळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवून "टाच खाली दाबा" म्हटले, तर जोर लागत नाही. मात्र चांगला पाय वर उचलायला सांगून तो वरून दाबून धरला, की तीच दुबळी टाच आपल्या हातावर आपसूक जोराने दाबली जाते. अमेरिकी डॉक्टर हूवर यांनी ही खूण १९०८ मध्ये सांगितली. मज्जातंतूंची वाट शाबूत आहे, परंतु मुद्दाम हालचाल करू जाता ती अडते, असा याचा अर्थ आहे. हे सोंग नव्हे. ताणतणावाचे कारण सापडलेच पाहिजे ही अटही डीएसएम या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमपुस्तिकेच्या २०१३ च्या आवृत्तीत काढून टाकली आहे, त्यामुळे "घरात काही भांडण झाले का?" या प्रश्नावर निदान टेकवणे चुकीचे आहे.

उत्तर २ (कोरेगाव): माझा थोडा मतभेद आहे. "मानसिक" हा शिक्का एकदा बसला, की पुढची तक्रार कोणी कानावर घेत नाही. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ स्लेटर यांनी १९६५ मध्ये अशाच रुग्णांचा पाठपुरावा केला, तेव्हा पुष्कळांना नंतर दुसराच आजार निघाला होता.

उत्तर ३ (सातारा, फिजिओथेरपिस्ट): भीती रास्त आहे, पण तो काळ मागे पडला, २००५ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार १९७० नंतर असे चुकलेले निदान सुमारे चार टक्केच आढळते. अर्थात एकाच रुग्णाला दोन्ही विकार असू शकतात, म्हणून पुन्हा तपासणी हवीच. उपचारांत आम्ही ती टाचेची खूण रुग्णाला स्वतःलाच अनुभवू देतो, कारण पायात बळ आहे हे त्याला समजावून सांगण्यापेक्षा जाणवून देणे अधिक उपयोगी पडते. त्यानंतर पायावरचे लक्ष हटवून व्यायाम घेतो. सरळ चालताना अडखळणारा रुग्ण कधी कधी उलटे चालताना सहज पावले टाकतो. घरच्यांनी "उचल, उचल" म्हणून मागे लागू नये, त्याने पाय अधिकच अडतो.

तासगावकर: आपणा सर्वांचे आभार. मंगळवारी वहिनींना दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे नेत आहोत. आधीच्या तपासणीत टाचेखाली हात ठेवला होता का, असे मी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, "पायाला कुणी हातच लावला नाही, फिल्म उजेडाकडे धरून बघितली आणि चिठ्ठी लिहिली."