नागपुरात दोन दिवसांची शिक्षक परिषद: तारीख कोणती घ्यावी म्हणजे कोणी सुटणार नाही?

प्रतापनगर_मॅडम:
नमस्कार मंडळी, विदर्भातल्या अकराही जिल्ह्यांतल्या विज्ञान शिक्षकांची परिषद घेऊन राहिलो, दोन-अडीचशे लोक येतील. एकदा हॉलचा ॲडव्हान्स दिला की तारीख हलत नाही आणि ज्याला जमत नाही तो काही न बोलता घरी राहतो, म्हणून आधीच विचारते. तीन पर्याय आहेत, दसऱ्याला लागून येणारा शनिवार-रविवार, डिसेंबरचा दुसरा आठवडा, नाहीतर फेब्रुवारी. समितीतले आम्ही बहुतेक एकसारख्याच घरांतले, आमच्या नजरेत न येणारं तुम्ही सांगा.

इंदोरा_चौक:
मॅडम, दसऱ्याचा पर्याय आजच काढून टाका. 14 ऑक्टोबर 1956 ला विजयादशमी होती, त्या दिवशी बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली, त्यामुळे दीक्षाभूमीवर दसऱ्यालाही लोक येतात आणि 14 तारखेलाही. आणि हे एका दिवसाचं नाही, दोन-तीन दिवस आधीपासून लाखो लोक शहरात उतरतात, आमच्याकडे यवतमाळ-अकोल्याचे पाहुणे असतात, घरातलं कोणी भोजनदानात तर कोणी पुस्तकांच्या स्टॉलवर. विदर्भातल्या शाळांत बौद्ध शिक्षक किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे, ते सगळे त्या शनिवारी तुमच्या हॉलमध्ये कसे येतील? 6 डिसेंबरचंही लक्षात ठेवा, चैत्यभूमीला गेलेले लोक परतायला पुढचे एक-दोन दिवस जातात आणि मुंबईच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते.

सदरवाला:
डिसेंबरात अधिवेशन असते बाप्पा. हॉटेलं मिळत नाहीत, मिळाली तर दुप्पट भाव, आणि मोर्च्यांमुळे सिव्हिल लाइन्स-सीताबर्डीकडचे रस्ते कधी बंद होतील सांगता येत नाही. त्यात विनाअनुदानित शाळांचे शिक्षक स्वतःच मागण्या घेऊन मोर्च्यात येतात, म्हणजे ज्यांच्यासाठी परिषद तेच रस्त्यावर बसलेले.

मोमिनपुरा_टीचर:
फेब्रुवारीबद्दल मी सांगते. रमजान दरवर्षी साधारण 10-11 दिवस अलीकडे येतो, 2026 मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला, 2027 मध्ये दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येईल. म्हणून "मागच्या वर्षी चालली होती तारीख" हे आमच्या सणांना लागू पडत नाही, दरवर्षी नव्यानं पाहावं लागते. रोजात येणं अशक्य नाही, पण पहाटे सहेरी करून दिवसभर पाण्याशिवाय बसायचं, समोर सगळे जेवताहेत आणि चर्चेचं मुख्य सत्र नेमकं इफ्तारच्या वेळी, मग कोण येईल? शुक्रवार घेतला तर दुपारी एक ते अडीच मोकळा ठेवा, जुम्मा असतो. जेवणाची सुट्टी तेव्हाच दिली तर कोणाचंच काही अडत नाही.

खामला_जुना:
असं पाहत बसलो तर एकही तारीख उरणार नाही भाऊ. रोजच कोणाचं ना कोणाचं काहीतरी असते.

मोमिनपुरा_टीचर:
खामला भाऊ, सुट्टीचा प्रत्येक दिवस टाळा असं कोणी म्हणून राहिलं नाही. ज्या दिवशी माणूस घर किंवा श्रद्धास्थान सोडून येऊच शकत नाही ते दिवस वेगळे, आणि ज्या दिवशी वेळ थोडी सरकवली की भागते ते वेगळे. पहिले मोजके आहेत, ते टाळा. दुसऱ्यांसाठी टाइमटेबल बदला.

गडचिरोलीहून:
अगदी बरोबर. आता आमचं ऐका. माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात कचारगडची जत्रा असते, गोंड समाजाचे शिक्षक तिकडे जातात, हे नागपुरातल्या कोणत्याच समितीला आठवत नाही. दुसरं म्हणजे अंतर. सिरोंच्याच्या शिक्षकाला आधी गडचिरोलीच जवळपास दोनशे किलोमीटर, तिथून पुढे नागपूर. शनिवारी सकाळी नऊला उद्घाटन ठेवलं म्हणजे त्याचा शुक्रवार गेला, रविवारी संध्याकाळी सहाला समारोप केला तर परतीची बस गेली आणि सोमवारची शाळा बुडाली. माझ्या ओळखीच्या दोघी ताया लहान लेकरं आहेत म्हणून कधी येतच नाहीत, राहायची सोय विचारली की "हॉलमध्ये गाद्या टाकू" असं उत्तर मिळते. फॅमिली रूम आणि लेकरू सांभाळायला एक बाई ठेवा, येतील त्या.

इतवारीकर:
एक छोटं. जैन मंडळींतले बरेच जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, थंडीत सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि तुमचं डिनर आठला. त्यांच्यासाठी पाच वाजता ताटं लावली तरी झालं, वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही.

प्रतापनगर_मॅडम:
सगळ्यांचे मनापासून आभार, कचारगडचं तर आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. तिन्ही पर्याय रद्द करतो. संक्रांत झाल्यावर आणि 26 जानेवारीच्या आधीचा शनिवार-रविवार धरून राहिलो, बारावी-दहावीच्या लेखी परीक्षाही तेव्हा सुरू झालेल्या नसतात. शनिवारी दुपारी एकला सुरुवात, कारण सकाळची शाळा असते आणि दूरच्यांना शुक्रवारी निघावं लागू नये. रविवारी अकराला सुरू करू म्हणजे चर्चला जाणारे येऊ शकतील, आणि तीनला संपवू. नोंदणीचा फॉर्म हॉल बुक करण्याआधीच जाईल, त्यात "या तारखेला काय अडचण आहे" हा रकाना पहिला. खामल्याचे दादा, तुम्हीही भरा.

सदरवाला:
मॅडम, हॉल पाहायला जाल तेव्हा रॅम्प आणि खालच्या मजल्यावरचं टॉयलेट स्वतः बघा. "लिफ्ट आहे" म्हणतात आणि लिफ्टपर्यंत जायलाच सहा पायऱ्या असतात. मेट्रो स्टेशनपासून जवळचा हॉल मिळाला तर आणखी बरं, रात्री ऑटोवाले मनाला येईल ते भाडं सांगतात.