सोसायटी ग्रुप : 'आपला माणूस' आणि अमेरिकेचं कोर्ट

बी-३०१ काका : *फॉरवर्डेड* अभिमानास्पद!! भारतीय वंशाचे श्री श्रीनिवासन अमेरिकेचे सरन्यायाधीश!! 🇮🇳🙏

ए-१०२ काकू : 👏👏 आपल्याकडचे का हो?

सी-४०४ वकील ताई : काका, सरन्यायाधीश नाहीत. वॉशिंग्टनच्या डीसी सर्किट अपील कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, तेही फेब्रुवारी २०२० पासून. फॉरवर्ड जुनाच फिरतोय. आणि काकू, तमिळ कुटुंब. जन्म चंदीगडचा, वाढले कॅन्सासमधल्या लॉरेन्स गावात. वडील तिथे गणिताचे प्राध्यापक.

बी-३०१ काका : म्हणजे हायकोर्टच की.

सी-४०४ वकील ताई : साधारण तसं. पण सरकारी नियमांवरच्या मोठ्या केसेस तिथेच जातात, त्यामुळे वजन जास्त. सुप्रीम कोर्टातले बरेच जज तिथूनच वर गेलेत.

डी-२०३ (मुलगा लॉ फर्स्ट इयर) : ताई, जज व्हायला तिकडे परीक्षा कुठली असते?

सी-४०४ वकील ताई : नाहीच. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट म्हणजे तिकडच्या संसदेचं वरिष्ठ सभागृह मतदान करतं.

बी-३०१ काका : मग वशिलाच म्हणा ना 😄

सी-४०४ वकील ताई : काका, ह्यांचा प्रवास बघा, मग बोला. स्टॅनफर्डमधून १९९५ ला लॉ आणि एमबीए एकदम. मग विल्किन्सन नावाच्या अपील कोर्टाच्या जजकडे क्लार्क, पुढे सुप्रीम कोर्टात सँड्रा डे ओकॉनर यांच्याकडे. क्लार्क म्हणजे फायली लावणारा नव्हे हं. ब्रीफ म्हणजे वकिलांचे लेखी युक्तिवाद वाचून जजला मेमो द्यायचा, निकालाचा कच्चा मसुदा करायचा. दोन्ही जज रेगनने नेमलेले, रिपब्लिकन. नंतर सॉलिसिटर जनरल म्हणजे सुप्रीम कोर्टातल्या सरकारी वकिलाच्या ऑफिसात बुशच्या काळात पाच वर्षं सरकारची बाजू मांडली, मध्ये मोठ्या लॉ फर्ममध्ये, आणि २०११ मध्ये ओबामांच्या सरकारात तिथेच दोन नंबरला. सुप्रीम कोर्टात वीसहून जास्त केसेस उभं राहून लढवल्यात.

डी-२०३ : मग सहज झाले असतील.

सी-४०४ वकील ताई : जून २०१२ ला नाव आलं, मतदान २३ मे २०१३ ला. त्याच कोर्टासाठी ओबामांनी सुचवलेल्या केटलिन हॅलिगन यांचं नाव सिनेटने अडवून ठेवलं होतं, शेवटी मार्चमध्ये त्यांनी माघार घेतली. ह्यांच्या बाजूने मात्र दोन्ही पक्षांच्या काळातल्या माजी सॉलिसिटर जनरलांनी पत्र दिलं. ९७ विरुद्ध ०! मला तर हेच मोठं वाटतं. ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्याकडेही नीट काम केलेलं असलं की असं होतं.

ए-१०२ काकू : शपथ गीतेवर घेतली म्हणे?

सी-४०४ वकील ताई : हो काकू, आईने गीता धरली होती आणि शपथ दिली ओकॉनर यांनीच.

बी-५०२ सेक्रेटरी : 🔔 टँकर आला आहे. दोन तास पाणी जपून वापरा.

बी-३०१ काका : पण मुख्य न्यायाधीश कोण ठरवतं? परत राष्ट्राध्यक्ष?

सी-४०४ वकील ताई : नाही, नियम आहे. ६५ च्या आतला सर्वांत सीनियर जज, सात वर्षांसाठी. आणि जजपद आयुष्यभराचं. आपल्याकडे हायकोर्टात ६२ ला निवृत्ती.

बी-३०१ काका : आयुष्यभर?! इथे आम्हाला सोसायटीचं खजिनदारपद दोन वर्षांत नकोसं होतं.

डी-२०३ : ताई, आपल्याकडे क्लार्कशिप मिळते का?

सी-४०४ वकील ताई : मिळते रे, पदवीनंतर. सुप्रीम कोर्टात लॉ क्लार्क घेतात, हायकोर्टातही. तोवर रिसर्च आणि ड्राफ्टिंग पक्कं कर. ह्या रविवारी घरी ये, एक निकाल देते. दोन पानांत सारांश लिहून दाखव.