सनसिटी–कर्वेनगर पूल : आधी दोन्ही टोकांचा आराखडा, मग फीत

आनंदनगरवासी
पुण्यात वडगावच्या सनसिटीपासून कर्वेनगरच्या दुधाने लॉन्सपर्यंत मुठा नदीवर होऊ घातलेला पूल आम्हा सिंहगड रस्त्याच्या लोकांना हवाच आहे. आज नदी ओलांडायची तर राजाराम पूल, नाहीतर थेट बायपासचा वारजे पूल. मधे काहीच नाही. विठ्ठलवाडी ते वारजे हा नदीपात्रातला रस्ता हरित लवादाच्या २०१३ च्या निकालामुळे गेला, आणि पात्रात भराव टाकून केलेला रस्ता जायलाच हवा होता. पण त्यामुळे हिंगणे, माणिकबाग, वडगाव, धायरी सगळे एकट्या सिंहगड रस्त्यावर. पलीकडच्या काठावरची इमारत गॅलरीतून दिसते आणि संध्याकाळी तिथे पोचायला पाऊण तास लागतो.

तरीही माझं म्हणणं आहे की दोन्ही टोकांचा वाहतूक आराखडा जाहीर झाल्याशिवाय पूल खुला करू नये. सनसिटी रस्त्यावर संध्याकाळी सातला उभं राहून बघा. दोन्ही कडेला मोटारी लावलेल्या, त्यांच्या पुढे भाजीच्या हातगाड्या, मधेच माल उतरवणारा टेम्पो. समोरासमोर दोन रिक्षा आल्या की एकीला थांबावं लागतं. पुलावरची गर्दी या रस्त्यावर ओतणार का? चांदणी चौकात २०२३ च्या ऑगस्टमध्ये उड्डाणपुलांची नवी रचना सुरू झाली, तेव्हा कोथरूडला कुठून वळायचं हेच लोकांना कळेना. पादचाऱ्यांचा विचार तर सगळ्यात शेवटी झाला.

धायरीकर
अजिबात पटलं नाही. आराखडा, हरकती, सूचना, सुनावणी यात आणखी वर्ष जाईल आणि तयार पूल ऊन खात पडेल. घरात कुणाला छातीत दुखायला लागलं तर दीनानाथ रुग्णालय गाठायला राजाराम पुलाच्या चौकातूनच जावं लागतं. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीकाठच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. अशा दिवशी नदीवर आणखी एक पूल असणं काय असतं, ते या काठावर राहणाऱ्यालाच कळतं. पूल झाला की त्याच दिवशी सोडा. चुका दिसतील तशा दुरुस्त करता येतात.

कालव्याकाठी
चुका तुम्ही दुरुस्त करणार आणि त्या सोसायच्या आम्ही कर्वेनगरकरांनी! पुलावरून उतरलेली गाडी पुढे जाणार कुठे? कमिन्स कॉलेजच्या रस्त्याने, नाहीतर आमच्या गल्ल्यांतून. कॉलेज सुटायच्या वेळी मुली घोळक्याने रस्त्यावरून चालतात, कारण पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात. तिथे धायरी-नऱ्ह्याच्या मोटारी आणि डंपर आणायचे? माझी मागणी स्पष्ट आहे. पूल फक्त दुचाकी, बस आणि रुग्णवाहिकांसाठी ठेवा. डेक्कनजवळचा झेड पूल दुचाक्यांपुरताच आहे ना?

आखणी-रेखणी
रस्त्यांच्या आखणीचं काम करते म्हणून लिहिते. पूल कितीही रुंद बांधा, त्यावरून किती गाड्या जातील हे टोकाचा चौक ठरवतो. सिग्नल सतत हिरवा असेल तर एका लेनमधून तासाला साधारण १८०० मोटारी निघतात. दोन मिनिटांच्या फेरीत पुलाच्या बाजूला ३० सेकंद हिरवा मिळाला की उरल्या ४५०. त्यात चौकातली एक लेन पार्किंगने खाल्ली तर रांग पुलावर चढलीच. म्हणून धायरीकर, 'आधी सोडू, मग बघू' हे पुलाच्या बाबतीत महागात पडतं. एकदा दुकानांपुढे गाड्या लागायची सवय झाली की ती मोडायला पोलीस पुरत नाहीत.

कालव्याकाठी, पण मोटारींना बंदी मलाही नको. त्या राजाराम पुलावरच राहतील आणि तिथला चौक आहे तसाच तुंबेल. लकडी पुलावर दुचाक्यांना वर्षानुवर्षे बंदी होती, तरी चुकून शिरणारे आणि पावती फाडणारे रोज होतेच. बंदी घालायची तर अवजड वाहनांना घाला आणि पुलाच्या तोंडाशी उंचीची कमान बसवा.

धायरीकर
उंचीच्या कमानीने पीएमपीची बस अडेल, त्याचं काय?

आखणी-रेखणी
बरोबर, अडेल. मग कमान नको. डंपरना वेळेची बंदी आणि सुरुवातीचे काही महिने दोन्ही टोकांना पोलीस.

कालव्याकाठी
पोलीस पहिला आठवडा दिसतात. वेळेच्या बंदीवर माझा विश्वास नाही.

आनंदनगरवासी
बसचा मुद्दा निघाला ते बरं झालं. वडगावहून कोथरूडला पुलावरून थेट बस पहिल्या दिवसापासून हवी. लोकांनी दुचाकीची वाट धरली की नंतर बस रिकामी धावते. आणि धायरीकर, उशीर मलाही नको आहे. पण सनसिटी रस्त्यावरच्या पार्किंगबंदीला पूल पुरा व्हायची वाट कशाला बघायची? फलक आणि पट्टे आत्ताच मारता येतील, हातगाड्यांना शेजारी जागा नेमून देता येईल. तशा मागणीचं पत्र तयार करतोय. दोन्ही काठांच्या सोसायट्यांच्या सह्या हव्यात.

कालव्याकाठी
कर्वेनगरच्या बाजूच्या पदपथांचा आणि डंपरबंदीचा मुद्दा त्यात पहिल्या पानावर असेल तर आमच्या सोसायटीची सही मिळेल. नसेल तर आमचं वेगळं पत्र जाईल.

धायरीकर
पत्रात उद्घाटन लांबवा असं कुठे लिहिलं नसेल, तर माझीही घ्या.