मुलीच्या पोटावर शिशाचा एप्रन का टाकला नाही?

प्रश्न (सेलू, जि. परभणी)
माझी सात वर्षांची मुलगी माळवदाच्या जिन्यावरून पडली, तेव्हा तिच्या डोक्याचा सीटी स्कॅन झाला. चार दिवसांनी उलट्या सुरू झाल्या म्हणून मोठ्या शहरात नेले, तर तिथे पुन्हा सीटी आणि शिवाय छातीचा एक्स-रे काढला. एक्स-रेच्या वेळी मला शिशाचा एप्रन घालून तिचे हात धरायला लावले, पण तिच्या पोटावर काहीच टाकले नाही. विचारल्यावर ‘आता टाकत नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. हा हलगर्जीपणा समजावा का?

उत्तर (एक्स-रे तंत्रज्ञ, लातूर)
उत्तर तुटक होते, पण चुकीचे नव्हते. छातीच्या एक्स-रेत पोटापर्यंत जे थोडे किरण जातात, ते बहुतांशी शरीराच्या आतूनच विखुरत जातात, त्यामुळे वरून टाकलेले शिसे त्यांना अडवू शकत नाही. उलट एप्रन सरकून चौकटीत आला, तर फिल्म पुन्हा घ्यावी लागते, म्हणजे मात्रा दुप्पट. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2019 मध्येच हा सरसकट रिवाज थांबवण्याची शिफारस केली. तुमच्याकडे मात्र मुलीच्या अंगावरून विखुरलेले किरण बाहेरून येत होते, म्हणून तुम्हाला एप्रन हवाच होता. पुढच्या वेळी यंत्रातून अंगावर पडणारा उजेडाचा चौकोन पाहा. तो छातीपुरताच असला, तर खरे संरक्षण तिथे झालेले असते.

उत्तर (डॉक्टर, अंबाजोगाई)
खरा विचार सीटीचा करावा. छातीच्या एक्स-रेत साधारण 0.02 मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते, डोक्याच्या सीटीत सुमारे 2, आणि निसर्गातून जगभरात माणसाला वर्षाला सरासरी 2.4 मिळतेच. किरणांशी काम करणाऱ्यांसाठी परमाणु ऊर्जा नियामक परिषदेने मर्यादा घातली आहे. रुग्णाला तशी मर्यादा नसते, कारण तपासणी गरजेची असेल तर ती करावीच लागते. डोक्याला मार लागून चार दिवसांनी उलट्या होणे हे दुसऱ्या सीटीसाठी पुरेसे कारण होते आणि त्यातला धोका फार थोडा आहे. मात्र मुलांसाठी यंत्राची मात्रा वजन-वयानुसार कमी ठेवतात का, हे अवश्य विचारावे. पहिल्या सीटीची सीडी सोबत नेली होती का?

प्रश्नकर्ता
नव्हती, फक्त रिपोर्टचा कागद नेला होता. सीडी काल कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत सापडली; ती आता तिच्या फाइलला लावली आहे. मुलगी बरी आहे, सोमवारपासून शाळेत जाते.