मखराची एलईडी पट्टी नीट चालत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी जरा अर्जंट आहे, गणपतीला आठच दिवस राहिलेत. यंदा पुठ्ठ्याचं मखर केलंय आणि मागून डब्ल्यूएस२८१२बी ची पट्टी (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येतो ती) फिरवलीय, ५ मीटर, मीटरला ३० म्हणजे एकूण १५० एलईडी, कंट्रोलला ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. सोल्डरिंग माझंच, त्यामुळे संशयाला जागा आहे 😅

निळा, हिरवा एकेकटे झकास चालतात पण पांढरा लावला की शेवटाकडे पिवळट, मग लालसर होत जातं. अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट ४ अँपियर. नंतर हिशोब केला, फुल पांढऱ्यात एका एलईडीला साधारण ६० मिलीअँपियर म्हणजे ९ अँपियर, आधी केला असता तर बरं झालं असतं. तर १० अँपियरचा एसएमपीएस (मोठा पॉवर सप्लाय) आणून भागेल का दुसऱ्या टोकालाही वेगळी वायर ओढून पॉवर द्यावी लागेल? वायर किती जाड घेऊ? की गुपचूप ब्राइटनेसच कमी करू, पुठ्ठा आहे, गरम झालेलं नकोय.

दुसरं म्हणजे मधूनच पट्टीभर भलतेच रंग उमटतात. डेटा लाइनला ३३० ओहम आहे, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे, ग्राउंड कॉमन आहे. ईएसपीचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, तोच कमी पडतोय बहुतेक. सिग्नल ५ व्होल्टचा करणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप पुण्यात तापकीर गल्लीत दोन दुकानांत विचारली, नाही मिळाली. पहिल्या एलईडीच्या पॉवरला डायोड लावून तिचा व्होल्टेज थोडा उतरवायचा, म्हणजे ३.३ चा सिग्नल पुरतो, हा जुगाड कोणी केलाय का, टिकतो का दहा दिवस?

आई म्हणतेय साध्या माळाच लाव, त्यामुळे प्लीज लवकर सांगा.